कात्रज ते सिंहगड, दिवसाउजेडी: थंडीत पहिल्यांदाच धारेवर चालणाऱ्यांसाठी

पर्वती न थांबता चढता यायला लागली, वेताळ टेकडीवर रविवारी दोन चकरा व्हायला लागल्या, की पुण्यात कोणी ना कोणी म्हणतंच, ‘आता के-टू-एस करून टाक.’ के-टू-एस म्हणजे कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगराच्या धारेने, म्हणजे माथ्याच्या कण्यावरून, सिंहगडापर्यंतची चाल. सांगणारा बहुधा पौर्णिमेच्या रात्री वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात गेलेला असतो आणि त्याला वाटेपेक्षा चंद्र जास्त आठवत असतो. त्यामुळे पाणी किती न्यायचं, कुठे चुकतो, संध्याकाळी परत कसं यायचं हे प्रश्न तसेच राहतात. हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे.

ही चाल सह्याद्रीच्या भुलेश्वर रांगेवरची. सिंहगडाच्या पुढे मंडळी राजगड, तोरणा आणि थेट रायगडापर्यंत तीन-चार दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन जातात. त्या लांब वाटेची चव एका दिवसात घ्यायची तर कात्रज–सिंहगड हा सोयीचा तुकडा आहे: सुरुवातीला शहराची बस, शेवटी डांबरी रस्ता आणि मधे दिवसभर फक्त डोंगर. अंतर साधारण तेरा ते सोळा किलोमीटर, शेवटी रस्त्याला नेमके कुठे लागता त्यावर थोडं कमी-जास्त. सपाटीवर हे अंतर कोणीही चालेल. इथे मात्र एक टेकडी चढायची, पुन्हा जवळजवळ सगळी उतरायची, खिंडीतून पुढची चढायची, असं दिवसभर चालतं. मिळवलेली उंची हातात राहत नाही, आणि नवख्याचा धीर खचतो तो यामुळेच. सवयीचा माणूस पाच-सहा तासांत धार संपवतो. तुम्ही आठ तास धरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्यांदा जाताना दिवसाच जा आणि थंडीतच जा. रात्रीची हौस नंतर आहेच. पावसाळ्यात हीच वाट निसरडी असते, धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही. उन्हाळ्यात धारेवर सावलीला झाड शोधावं लागतं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस उत्तम. फेब्रुवारी सरत आला की गवत पार वाळतं आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात.

१. आधी स्वतःची परीक्षा घ्या

सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून पायवाटेने गड चढा आणि त्याच वाटेने उतरा. पाठीवर पाच किलोची सॅक हवी. विश्रांती धरून हे तीन-साडेतीन तासांत झालं आणि दुसऱ्या दिवशी घराचा जिना कठडा न धरता उतरता आला, तर तुम्ही तयार आहात. जिना उतरताना मांड्या ओरडत असतील तर आणखी दोन-तीन आठवडे तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, जे घराजवळ असेल ते करा. उतरण्याचा सराव जास्त करा. चढताना दम लागतो आणि थांबलं की उतरतो, पण गुडघा एकदा दुखायला लागला की पुढच्या प्रत्येक उतारावर हिशेब मागतो.

गुडघ्याचं जुनं दुखणं, दमा, रक्तदाब असं काही असेल तर डॉक्टरांना विचारा आणि सोबत्यांनाही आधी सांगून ठेवा. सांगायला संकोच वाटतो, पण औषध कुठल्या कप्प्यात आहे हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत असलंच पाहिजे.

२. दिवस आणि सोबत ठरवा

एकट्याने जाऊ नका. चार ते सहा जण ही उत्तम संख्या. एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. दहाच्या वर माणसं झाली की पुढचा आणि मागचा यांच्यात एक अख्खी टेकडी पडते आणि दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो. निदान एक जण ही वाट आधी केलेला असावा. तसं कोणी नसेल तर एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेबरोबर जा. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: किती माणसांमागे एक वाटाड्या आहे, शेवटच्या माणसाबरोबर कोण चालणार, आणि परतीच्या गाडीचं काय. ‘जेवण आणि फोटो समाविष्ट’ एवढंच उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा.

शक्य असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. शनिवार-रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते, आणि दिवसभर डोंगर चालून आल्यावर त्या रांगेत अडकण्यासारखी शिक्षा नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या एका माणसाला लिहून द्या: कोण कोण जातंय, कुठून कुठे, कोणाचे फोन नंबर, आणि ‘संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायला लागा’. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाहीतर आई दुपारी बारापासूनच काळजी करायला लागते आणि खरी वेळ येते तेव्हा कोणाला पत्ताच नसतो.

३. सामान

ट्रेकला म्हणून दुकानात शिरलात तर पाच-सात हजार सहज जातात. पहिल्या वेळेला त्याची गरज नाही. खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा.

बूट: तळाला खोल खाचा असलेले, टाच घट्ट धरणारे आणि पुढे बोटांना अर्धा इंच जागा सोडणारे. जिमचे किंवा पळण्याचे मऊ, गुळगुळीत तळाचे बूट इथे धोक्याचे. का, ते सातव्या पायरीत सांगतो. डोंगरवाल्या पुणेकरांच्या पायांत वर्षानुवर्षं ॲक्शनचे साधे ट्रेकिंगचे बूट दिसत आले आहेत, तेही चालतात. नवे बूट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आदले दोन आठवडे ते घालूनच ऑफिसला जा, लोक हसले तर हसू द्या. आणि पायाची नखं कापा. उतारावर लांब नख दिवसभर बुटाच्या टोकावर आपटतं आणि आठवड्याने काळं पडतं.

कपडे: सुती जीन्स नको. सैल, लवकर वाळणारी पूर्ण पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. याचं कारण थंडी नाही, कुसळं आहेत. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत या दिवसांत वाळून उभं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत, बुटांच्या नाडीत, बनियनच्या शिवणीतसुद्धा शिरतात. लोकरी मोजे किंवा लोकरी स्वेटर घातलात तर घरी येईपर्यंत तुम्ही स्वतःच एक गवताची पेंढी झालेले असता. मोज्यांवरून पँटची मोहरी घट्ट बांधा, किंवा गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायची कापडी वेष्टणं, मिळाले तर घ्या. सकाळसाठी एक पातळ वाराबंद जॅकेट आणि कानटोपी पुरते. जाड जॅकेट नेलंत तर नऊ वाजल्यापासून ते ओझं म्हणून वाहायचं आहे.

टोपी: पुढे झडप असलेली. थंडीत सूर्य दक्षिणेकडून सरकतो आणि तुम्ही पश्चिमेकडे चालत असता. म्हणजे सकाळभर ऊन पाठीवर आणि डाव्या गालावर, आणि तीननंतर थेट डोळ्यांत. वाळलेल्या गवतावरून येणारी तिरीप फार त्रास देते. उपरणं किंवा मोठा रुमाल मानेला बांधा. धूळ, ऊन, घाम, पट्टी, सगळ्याला तो उपयोगी पडतो.

पाणी: माणशी चार लिटर. ‘थंडीत एवढं कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. पुण्यातली थंडी कोरडी असते. पहाटे पारा दहाच्या आसपास असला तरी दुपारी तो तिशीकडे सरकतो, आणि वाऱ्यामुळे घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे तहान लागलेली कळत नाही. वाटेत पाण्याचा भरवसा धरू नका. खिंडीत एखादं डबकं दिसलं तरी ते गुरांचं आहे. चारही लिटर एका बाटलीत नको, दोन-तीन बाटल्यांत वाटून घ्या. एक फुटली तर दुसरी राहते.

उरलेलं थोडक्यात: डोक्याला बांधायची बॅटरी, दिवसाची चाल असली तरी, आणि तिचे जादा सेल; शिट्टी; क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, ओआरएसच्या दोन पुड्या, रोजची औषधं; छोटा चिमटा, काट्यांसाठी; पॉवर बँक; कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. आधार कार्ड किंवा त्याची प्रत, आणि एका चिठ्ठीवर रक्तगट, ॲलर्जी, घरचा नंबर. चिठ्ठी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, फोनमध्ये नको. फोनला कुलूप असतं. सुटे पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटा. घाटात रेंज गेली की सरबतवाल्या मावशींचा क्यूआर कोडही काही करू शकत नाही.

स्पीकर घरी ठेवा. सेंट-अत्तरही लावू नका. कड्याकपारीत आग्या माश्यांची मोहोळं असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरड यांनी त्या खवळतात.

४. बोगद्यापर्यंत पोचणं

सुरुवात कात्रज घाटातल्या जुन्या बोगद्यापाशी होते. कात्रजपर्यंत पीएमपीच्या बस शहराच्या सगळ्या भागांतून मिळतात. तिथून पुढे घाट चढणारी बस किंवा रिक्षा पकडायची. इथे पहिला सापळा आहे. बोगदे दोन आहेत. नवा बोगदा महामार्गावर, खाली आहे. त्यातून जाणाऱ्या गाडीत बसलात तर ती तुम्हाला डोंगराच्या पोटातून थेट पलीकडे काढते आणि तिथून परत वर येण्यात सकाळ जाते. गाडीत पाय ठेवण्याआधी विचारा, ‘दादा, जुन्या घाटाने जाणार ना? जुन्या बोगद्याशी उतरायचंय.’ ‘कात्रज बोगदा’ एवढंच म्हणू नका.

दुसरा सापळा स्वतःच्या गाडीचा. बोगद्यापाशी दुचाकी लावून निघालात तर संध्याकाळी तुम्ही सिंहगडाला आणि गाडी कात्रजला. घाटात गाडी बेवारशी ठेवणंही बरं नाही. बसने या, किंवा कोणाला तरी सोडायला सांगा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे उजेडाचे तास अकरा. पावणेसातला बोगद्यापाशी असलात तर झुंजूमुंजू होताना चढायला लागता आणि उन्हाच्या आधी पहिल्या दोन टेकड्या निघून जातात. यासाठी कात्रज चौकात सहाला भेटायचं. ‘सहाला भेटू’ म्हणजे आपल्याकडे साडेसहा, तेव्हा निरोप पाठवताना पावणेसहा लिहा.

५. पहिला चढ

बोगद्याच्या वरच्या अंगाला वाघजाईचं देऊळ आहे. तिकडून वर चढलं की धार लागते. चढायला लागण्यापूर्वी जॅकेट काढून सॅकमध्ये टाका. हुडहुडी भरली तरी काढा. बहुतेक नवखे सगळं अंगावर घालून चढतात, घामाने आतून ओले होतात, आणि वर धारेवरचा वारा लागला की दात वाजायला लागतात. वर पोचून थांबलात की जॅकेट घाला, निघताना पुन्हा काढा.

पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चाला, बोलता येईल इतक्या चालीने. गप्पा मारताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे असं समजा.

वर आलं की दिशा एकदा डोक्यात पक्की बसवा. तोंड पश्चिमेला. उजवीकडे पुणं: आंबेगाव, जांभूळवाडीची बाजू, इमारतींचा गर्दा, आणि पुढे गेल्यावर खडकवासल्याचं पाणी. डावीकडे खेड शिवापूरचं खोरं, आणि पुढे आर्वी, कोंढणपूरकडची गावं. समोर लांबवर सिंहगड, त्याच्या डोक्यावर दूरदर्शनचा मनोरा. हा मनोरा दिवसभर तुमचा होकायंत्र आहे. तो सकाळी जेवढा दिसतो तेवढाच दुपारीही दिसतो, त्याला बघून अंतराचा अंदाज मात्र बांधू नका.

६. वाट कुठे चुकते

दिवसा ही वाट अवघड नाही. धार सोडायची नाही, एवढं एक सूत्र पुष्कळसं काम करतं. तरी लोक चुकतात, ते बहुतेक ढोरवाटांमुळे. गुरांना माथ्यावर जायचं नसतं, चारा जिकडे आहे तिकडे ती आडवी जातात. दमलेल्या माणसाला अशी आडवी, सपाट, छान मळलेली वाट दिसली की ‘ही टेकडीला वळसा घालून पुढे निघेल’ असं वाटतं. कधी निघतेही. पण पुष्कळदा ती हळूहळू खाली ओढत नेते आणि एखाद्या ओढ्यात किंवा काटेरी झुडपांत संपते.

माझा नियम असा: दुभंगलेल्या वाटेवर जी धारेला चिकटून आहे ती घ्यायची. आडवी वाट घेतलीच आणि दहा मिनिटांत पुढची खिंड दिसली नाही, तर आलो तिथे परत. आणखी पाच मिनिटं बघू, आणखी पाच मिनिटं बघू, असं करत अर्धा दिवस जातो.

टेकड्या तेरा आहेत असं सगळेच सांगतात, पण कुठली टेकडी धरायची आणि कुठला उंचवटा सोडायचा यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून मोजत बसू नका. ‘बारा झाल्या, आता एकच राहिली’ असं ठरवून चढलेल्या टेकडीच्या मागे आणखी तीन उभ्या दिसल्या की पाय जागीच बसतात.

फोनमध्ये वाटेचा जीपीएक्स ट्रॅक (आधी कोणी चाललेल्या वाटेच्या नोंदीची फाइल) आणि ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून घ्या. शहराकडच्या बाजूला रेंज बऱ्यापैकी असते, खिंडीत उतरलात की जाते, आणि रेंज शोधण्यात बॅटरी संपते. फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं. गुराखी भेटले तर त्यांना विचारा, पण नीट विचारा. ‘मामा, सिंहगड अजून किती लांब?’ याला उत्तर ‘हे काय, आलंच’ असं मिळणार. त्यांच्या पायांना ते खरंही आहे. ‘मामा, धारेची वाट ही का ती?’ असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं.

७. घसारा

या वाटेचा खरा कस उतारावर लागतो. थंडीत जमीन वाळून मुरूम सुटा झालेला असतो, त्यावर बारीक खडे आणि वर आडवं पडलेलं गवत. याला डोंगरातली माणसं घसारा म्हणतात. पाय टाकला की खालची जमीनच चालायला लागते. जी माणसं सगळे चढ हसत चढतात ती इथे बसकण मारतात, शब्दशः.

उतरण्याची रीत अशी. निघण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. शरीर मागे टाकू नका. भीतीने सगळे मागे झुकतात, आणि मागे झुकलं की वजन टाचेवरून निसटतं. गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी ठेवा, उतार तीव्र असेल तर अंग जरा आडवं करून एका कुशीने उतरा. पाय गवतावर टाकण्यापेक्षा जमिनीत रुतलेल्या दगडावर किंवा गवताच्या बुडख्याशी टाका. दगडावर पूर्ण भार देण्याआधी तो हलतो का बघा. एक हात मोकळा हवा, फोन त्या हातात नको. एक काठी मिळाली तर गुडघ्यांचं बरंच ओझं ती घेते. झुडपाची डहाळी आधाराला धरायची तर आधी बघून, कारण निम्मी झुडपं काटेरी आहेत आणि उरलेली वाळलेली.

घसरलातच तर हात मागे टेकवून स्वतःला सावरू नका, मनगट जातं. खाली बसा आणि सॅकवर रेला. पँट फाटेल, ती शिवता येते.

आणि दोन माणसांत अंतर ठेवा. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात जातो. दगड सुटला की लाजू नका, मोठ्याने ‘दगड!’ ओरडा. हा शब्द ऐकला की वर बघायचं नाही, डोकं सॅकच्या आड घ्यायचं.

उतारावर पळणारे काही जण भेटतील. त्यांना पुढे जाऊ द्या.

दगडावर किंवा गवतात बसण्याआधी काठी आपटा. थंडीत साप सुस्त असतात, पण उन्हं खायला फुरसं दगडाशी येऊन पडतं. बिबट्या या डोंगरांत आहे. दिवसा गटाने चालणाऱ्यांच्या वाटेला तो जात नाही, पण संध्याकाळी अंधारात एकट्यादुकट्याने मागे रेंगाळू नका.

८. खाणं आणि घड्याळ

सकाळी घरून काहीतरी खाऊन निघा, नुसत्या चहावर नको. धारेवर दर तासाला थोडं थोडं खा: गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. संक्रांतीच्या आसपास गेलात तर गूळपोळीसारखं दुसरं काही नाही. दोन दिवस टिकते, चुरा झाला तरी खाता येते आणि अर्ध्या पोळीत पुढची टेकडी निघते. जेवणाला धपाटे, दशमी, चटणी-पोळी, उकडलेले बटाटे, काकडी, संत्री. तेलकट वडे-भजी दुपारच्या उन्हात जड होतात. संत्र्याची सालं परत आणा. ‘कुजतीलच की’ म्हणणाऱ्याला सांगा, या कोरड्या हवेत ती आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहतात आणि पुढच्याला तुमच्या जेवणाचा पत्ता सांगतात.

आग पेटवायची नाही. चहासाठी नाही, शेकोटीसाठी नाही, सिगारेटचं थोटूकसुद्धा नाही. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वाऱ्यावर वणवा माणसाच्या पायांपेक्षा वेगाने वर चढतो. दूरवर धूर दिसला तर तो कुठल्या बाजूला सरकतोय ते आधी बघा आणि त्याच्या उलट अंगाला, गवत नसलेल्या उघड्या कातळाकडे निघा.

आता घड्याळ. साडेबाराला थांबा आणि नकाशावर बघा. अर्ध्याहून जास्त धार मागे पडली असेल तर निवांत जेवा. पडली नसेल तर दहा मिनिटांत खाऊन उठा. दीड वाजला आणि तरीही निम्मं झालं नसेल, किंवा पाणी माणशी एक लिटरच्या खाली आलं असेल, तर त्या दिवशी सिंहगड नाही. पुढची पायरी वाचा.

९. मध्येच उतरायचं ठरलं तर

यात कमीपणा काही नाही, पण कुठूनही उतरायचं नाही. समोर गाव दिसतंय म्हणून सरळ उतारावर उडी घेतली की मधे कातळाचा टप्पा लागतो, जो वरून दिसत नाही. खिंडीत या आणि तिथून खाली जाणारी रुळलेली वाट शोधा. डावीकडे, दक्षिणेला, आर्वी-कोंढणपूरच्या बाजूची गावं आणि रस्ते आहेत. उजवीकडे पुण्याची वस्ती जवळ भासते, पण वस्तीचे दिवे आणि चालायची वाट यांत फरक आहे. वाट नसेल तर आलात त्या धारेने मागच्या खिंडीपर्यंत परत फिरा.

कोणाला चालताच येत नसेल तर त्याला सावलीत बसवा, जागेचे अक्षांश-रेखांश फोनमधून काढून लिहून घ्या, आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर जवळच्या उंचवट्यावर जा. ‘कात्रजच्या डोंगरावर आहोत’ एवढ्यावरून कोणालाही तुम्ही सापडणार नाही. अक्षांश-रेखांश सांगा, आणि कुठल्या बाजूला कोणतं गाव दिसतंय तेही. शिट्टी थांबून थांबून वाजवत राहा. त्याच्याजवळ पाणी, जॅकेट आणि एक माणूस ठेवल्याशिवाय कोणी हलायचं नाही. सहानंतर गारठा फार लवकर उतरतो.

१०. डांबरी रस्ता लागल्यावर

शेवटच्या टेकड्या उतरून धार सिंहगडाच्या घाटरस्त्याला मिळते. नवखे इथे मिठ्या मारतात आणि सॅक टाकून बसतात. बसा, पण दिवस अजून संपलेला नाही. इथून गडाचा माथा रस्त्याने बराच वर आहे आणि पायथा बराच खाली. साडेतीनच्या आत रस्त्याला लागला असाल आणि पाय बरे असतील, तर वर जाणारी जीप मिळतेय का बघा. गडावर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, मडक्यातलं दही हे सगळं वाट बघत असतं, आणि सकाळपासून चालत आलेली धार पुणे दरवाज्याच्या बाजूने मागे वळून बघता येते. चार वाजून गेले असतील तर गड सोडा, तो कुठे जात नाही. थेट खाली निघा.

उतरणाऱ्या जीपा सुट्टीच्या दिवशी माथ्यावरच भरून निघतात आणि मधे हात केला तर थांबत नाहीत. त्यामुळे काही वेळा घाट चालत उतरावा लागतो. उतरताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागोमाग एक चाला, आणि अंधार पडायला लागला तर बॅटरी लावा. वळणावर सेल्फी काढायला थांबू नका. तिथे गाड्या सुसाट येतात आणि चालवणारे दरीकडे बघत असतात. घाटाच्या पायथ्याशी गोळेवाडी नाका, त्याच्या खाली डोणजे गाव, आणि त्या बाजूने स्वारगेटकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बस मिळतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ त्या आठवड्यात नव्याने बघून घ्या, वेळापत्रकं बदलत राहतात. बस हुकलीच तर डोणज्यापासून रिक्षा मिळते. विभागून ती परवडते, पण भाडं बसण्याआधी ठरवा.

बसमध्ये बसलात की घरी फोन करा. सातच्या आत.

११. त्याच रात्री

बूट आणि मोजे दाराबाहेर काढा. कुसळं गादीत गेली तर आठवडाभर टोचतात. मोज्यांतली ती चिमट्याने काढावी लागतात, धुण्याच्या यंत्रात टाकलेत तर सगळ्या घराच्या कपड्यांना वाटली जातात. पायांची बोटं उजेडात बघा. फोड आला असेल तर फोडू नका, वर स्वच्छ पट्टी लावा. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवा, लिटरभर पाणी प्या आणि जेवताना वरण-भातावर तूप घ्यायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, तिसऱ्या दिवशी जास्त दुखतील, त्यानंतर उतरेल. हलकं चालत राहा. गुडघ्याला सूज असेल किंवा घोट्यावर भार देता येत नसेल तर घरगुती लेपांवर दिवस न घालवता डॉक्टरांकडे जा. आणि सोबत्यांचा हिशेब, जीप, रिक्षा, सरबत, सगळा त्याच रात्री मिटवून टाका. पुण्यात मैत्री टिकते, पण उधारी विसरली जात नाही.